हरसूलच्या अंगणात काय लावावे

हरसूलला राहायला आलो त्या जूनमध्ये मी नाशिकहून अकरा रोपे आणली. दोन मोरपंखी, तीन अशोक, एक ख्रिसमस ट्री, एक पाम आणि चार गुलाब. वाघेरा घाट उतरताना गाडीतल्या प्रत्येकाच्या मांडीवर एकेक पिशवी होती. दोन चांगले पाऊस झाल्यावर खड्डे घेतले, शेणखत घातले, रोपे ओळीने लावली. जुलैत गुलाबांच्या पानांवर काळे ठिपके पडले आणि पाने गळून नुसत्या काड्या उरल्या. ऑगस्टमध्ये मोरपंखी पिवळी पडली; हलकेच ओढली तर रोप अलगद हातात आले, खाली मुळे कुजून काळी झाली होती. ख्रिसमस ट्रीने दिवाळी पाहिली, होळी पाहिली नाही. एप्रिलमध्ये विहिरीने तळ गाठला तेव्हा घरात पाणी ठेवायचे की पामाला घालायचे, एवढाच प्रश्न होता. तीन अशोक तेवढे तगले. तेही अशोक नव्हते, हे मला नंतर कळले.

मेच्या अखेरीस एका सकाळी शेजारच्या आजी कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. वाळलेल्या पामाकडे पाहून त्यांनी विचारले, "याला काय लागत होतं?"

"काही नाही आजी. शोभेचं झाड होतं."

"शोभेचं," असे त्या एकदा स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांनी बांधाकडे हात केला. "मग आपला कुडा काय वाईट दिसतो?"

बांधावर कुडा फुलला होता. जेमतेम दोन पुरुष उंचीचे झाड. फांद्यांच्या टोकांना पांढऱ्या फुलांचे घोस, आणि उन्हे चढायच्या आत सगळ्या बांधावर पसरलेला मंद वास. त्याला कुणी खड्डा घेतला नव्हता, पाणी घातले नव्हते. साल कडू आणि पान तोडले की पांढरा चीक, म्हणून गुरेही त्याच्या वाटेला जात नाहीत. मी रोज त्याच्याजवळून जात होतो. आजींच्या घरी त्याच्या फुलांची भाजी होते, पोट बिघडले की साल उगाळून देतात आणि आयुर्वेदातले कुटजारिष्ट त्याच सालीचे. एवढे सगळे करून तो वर सुंदरही दिसत होता. मी मात्र बाग म्हणून नाशिकच्या पिशव्यांकडे पाहत होतो.

त्यानंतर मी झाडे आणणे थांबवले आणि पाहायला लागलो. वर्षभर वही ठेवली. कोणते झाड केव्हा फुलले, पाण्याशिवाय किती दिवस राहिले, शेळीने तोंड लावले का, वाऱ्यात फांदी मोडली का. बाजारात, एसटी स्टँडवर, शाळेच्या पटांगणात भेटेल त्याला विचारत राहिलो. या लेखात आहे ते त्या वहीतून आणि त्या माणसांकडून आलेले आहे.

हरसूल त्र्यंबकेश्वर तालुक्यात, नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम कडेला. पुढे थोड्या अंतरावर गुजरातची हद्द, एका बाजूला पेठ, दुसऱ्या बाजूला मोखाडा आणि जव्हार. वस्ती मुख्यतः कोकणा, वारली, महादेव कोळी आणि ठाकर समाजांची. शेती नागली, वरई आणि भाताची. ब्रह्मगिरीवर पडलेले पाणी गोदावरीतून पार बंगालच्या उपसागराकडे जाते. आपल्या बाजूचे ओहोळ मात्र पश्चिमेला दमणगंगेच्या खोऱ्याकडे वळतात. नाशिकहून निघालो की गिरणाऱ्यापर्यंत द्राक्षे आणि टोमॅटो दिसतात, घाट लागला की शेते लहान होतात, उताराची होतात आणि माती तांबूस होते. जून ते सप्टेंबर एवढ्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि मग पुढच्या जूनपर्यंत जवळजवळ थेंब नाही. मातीचा थर पातळ, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. इथे झाडाला दोनदा परीक्षा द्यावी लागते. पावसात मुळे कुजू द्यायची नाहीत आणि उन्हाळ्यात वाळायचे नाही. नाशिकच्या नर्सरीत काळ्या मातीत, ठिबकवर वाढलेल्या रोपाला यातली एकही परीक्षा ठाऊक नसते.

डोंगरावरच्या झाडांनी या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी शोधले आहे. पाणी संपत आले की ती पाने टाकतात, म्हणजे पानांतून उडून जाणारे पाणी वाचते. आणि नेमके त्याच वेळी, उघड्या फांद्यांवर, ती फुलतात. आड यायला पाने नसतात म्हणून मधमाश्यांना आणि पाखरांना फुले लांबून दिसतात. फेब्रुवारीत फूल आले की मे-जूनपर्यंत बी तयार होते आणि पहिल्या पावसाला जमिनीवर पडते. पळसाचे ते केशरी रान, ज्याचे फोटो काढायला लोक गाड्या थांबवतात, ते या हिशेबातून आलेले आहे. बागेत रंग हवा असेल तर पानझडी जंगलाएवढा रंग दुसरे कुणी देत नाही, आणि तो नेमका आपल्या पायरीशी उभा आहे.

माझ्या वहीतले वर्ष असे जाते. जानेवारीत काटेसावर. पाने झडलेली, फांद्या आडव्या, त्यांवर हाताच्या ओंजळीएवढी लाल मांसल फुले. त्याच सुमारास पांगारा आणि झुडपांत धायटी. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, आणि कड्याकपारीत सोनसावरीची ती पिवळीधमक फुले, जी पाहिल्यावर ही बागेतली नाहीत यावर विश्वास बसत नाही. मार्च-एप्रिल मोहाचा, पहाटे मोहाखाली टोपल्या घेऊन बसलेली माणसे त्या फुलांना शोभेचे म्हणणार नाहीत, पण त्या पहाटेचा वास आयुष्यभर लक्षात राहतो. एप्रिल-मे बहावा आणि ओहोळाकाठचा तामण. मे-जून कुडा. पाऊस लागला की कदंब, आणि मग सगळी शोभा जमिनीवर उतरते. रानहळदीचे गुलाबी तुरे, तेरडा, कुंपणावर चढलेली कळलावी. सप्टेंबरअखेर सोनकी पठारे पिवळी करते. दर सात-आठ वर्षांनी एखाद्या उतारावर कारवी एकदम फुलते आणि बी टाकून मरते. त्याच कारवीच्या काठ्यांचे कूड इथल्या घरांना आहेत. पारिजातक गणपतीपासून दिवाळीपर्यंत. दिवाळीनंतर देवकांचन. डिसेंबर तेवढा जरा मोकळा, त्याची भरपाई अंगणातला झेंडू आणि शेवंती करतात.

हे सगळे दोन गुंठ्यांच्या अंगणात बसत नाही, बसवूही नये. सावर मोठी होते, खोडाला आधारमुळे फुटतात, फांद्या ठिसूळ असतात आणि उन्हाळ्यात कापूस उडून घरभर होतो. ती शाळेच्या पटांगणाच्या कडेला किंवा देवळामागे लावावी. कदंबही पंचवीस-तीस फुटांची मोकळी जागा मागतो. घराजवळ कोणते झाड घ्यावे, हे ठरवताना मी आता तीनच गोष्टी पाहतो: ते पूर्ण वाढल्यावर केवढे होणार, पश्चिमेचा पावसाळी वारा सोसणार का, आणि पहिले दोन उन्हाळे निघाल्यावर हाताने पाणी घालायची गरज राहणार का. फुलाचा रंग त्यानंतर.

या कसोटीला सगळ्यात सरस उतरतो बहावा. उंची पंधरा-वीस फुटांपासून तीस फुटांपर्यंत, मुळे भिंतीला त्रास देत नाहीत, घरापासून दहा-बारा फूट सोडले की पुरे. त्याच्या पानांवर पिवळसर पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. पाने कुरतडलेली दिसली तर औषध मारू नका, पंधरा दिवसांनी अंगणात फुलपाखरे येतील. आदिवासी घरांत बहाव्याच्या फुलांचीही भाजी करतात. आणि रोप विकत घ्यायची गरज नाही.

बहाव्याची शेंग हातभर लांब, गोल, काळी. ती दगडावर आपटून फोडा. आत रुपये एकावर एक रचून ठेवावेत तसे पातळ कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात काळ्या चिकट गराला बिलगलेली एक चपटी, तपकिरी, चकचकीत बी. गराला गोडसर उग्र वास येतो, बोटे चिकट होतात. जंगलात माकडे आणि कोल्हे तो गर खातात आणि बी दूर कुठेतरी टाकतात. आपल्याला ते काम हाताने करावे लागते, कारण बीचे कवच इतके कठीण की तशीच पेरली तर वर्षभर ढिम्म पडून राहील. बी धुवा. पाट्याच्या किंवा साध्या खडबडीत दगडाच्या कडेवर तिची एक बाजू घासा. घाई करू नका. तपकिरी कवच झिजून आतला पांढरट ठिपका दिसला की थांबा. त्याहून खोल गेलात तर बी मेली. मग रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी ज्या बिया फुगून दुप्पट झाल्या असतील त्या पेरा, बाकीच्या पुन्हा घासा. शाळेतल्या मुलांना हे काम दिले तर तासाभरात शंभर बिया तयार होतात, आणि आपण घासलेल्या बीचा कोंब वर आलेला पाहताना मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

पळसाचे वेगळे. त्याची चपटी शेंग, तिच्या टोकाला एकच बी. ती मे-जूनमध्ये गोळा करून लगेच पेरावी, ठेवली की उगवण कमी होत जाते. आणि पिशवीत वाढवू नये. पळस आधी खाली जातो. पहिली काही वर्षे वरचा कोंब उन्हाळ्यात वाळतो, आपण झाड गेले म्हणून हळहळतो, आणि पावसात तो पुन्हा फुटतो. तोवर मूळ मुरूम फोडून खोल उतरलेले असते. पिशवीत त्या सोटमुळाला गुंडाळी पडते. म्हणून जिथे झाड हवे तिथेच, अंगणाच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यात, तीन-चार बिया टोचा आणि खूण म्हणून दगड ठेवा. फूल यायला दहा वर्षे लागतील. घरात मूल जन्मले तर त्या पावसाळ्यात पळस लावा असे मी सांगतो. मूल हायस्कूलात जाईल तेव्हा पळस फुलेल. सूर्यपक्षी, साळुंक्या, बुलबुल यांची जी गर्दी त्यावर होते ती कोणत्याही पिंजऱ्यात पाहायला मिळणार नाही. मधासाठी आलेली ही पाखरेच त्याचे परागीभवन करतात.

पांगाऱ्याला बीही लागत नाही. मनगटाएवढी जाड, चार-पाच फुटांची फांदी पावसाच्या तोंडावर खड्ड्यात रोवली की तिला पाने फुटतात. कुंपणाचे जिवंत खांब म्हणून ती रोवण्याची रीत जुनी आहे. गेल्या वीसएक वर्षांत पांगाऱ्याच्या पानांवर एका बारीक माशीमुळे गाठी येताना दिसतात. तशी गाठाळलेली फांदी लावू नये, निरोगी झाडाची घ्यावी.

तामण महाराष्ट्राचे राज्यपुष्प, पण मी पाहिलेल्या अंगणांत तो फार थोड्या ठिकाणी होता. त्याची जांभळी, चुणीदार पाकळ्यांची फुले पाहिली की हे झाड परदेशी असणार असे शहरातल्या माणसांना वाटते. तो मूळचा ओढ्याकाठचा. मुरमाच्या उंचवट्यावर तो खुरटतो, आणि सांडपाण्याच्या बाजूला, विहिरीच्या ओघळावर किंवा बांधाच्या खालच्या अंगाला लावला तर जोमाने वाढतो. सीताअशोकाचेही तसेच. त्याला ओल हवी आणि लहानपणी सावली हवी. मोरीच्या पाण्यावर, घराच्या पूर्वेला, दुपारच्या उन्हाच्या आड लावला तर फेब्रुवारीपासून जुन्या फांद्यांवर नारिंगी गुच्छ येतात आणि दिवसागणिक लाल होत जातात.

आता माझ्या त्या तीन अशोकांविषयी. नर्सरीत अशोक म्हणून जे उंच, सरळ, लोंबत्या पानांचे झाड मिळते ते खरे तर आसुपालव. त्याला खोटा अशोकही म्हणतात. रामायणातल्या वनात सीता ज्याखाली बसली असे आपण मानतो तो सीताअशोक निराळ्या कुळातला. जागतिक यादीत त्याची गणना धोक्यात आलेल्या झाडांत होते, कारण औषधासाठी त्याची साल सर्रास काढली जाते. पंचवटी ज्या जिल्ह्यात आहे, जिथल्या शहराच्या एका भागाला पाच वडांवरून नाव मिळाले, तिथे अशोक कोणता हे माहीत असायला हवे. रोप घेताना पान पाहा: सीताअशोकाची कोवळी पालवी तांबूस असते आणि फडक्यासारखी मऊ लोंबते, आसुपालवाच्या पानाची कड लाटांसारखी वळलेली असते. हे दोन मिनिटांचे काम मी तेव्हा केले नाही.

वासासाठी तीन झाडे सांगतो. बकुळ सावकाश वाढते, पण बारमाही हिरवी राहते आणि वारा सोसते. घराच्या पश्चिमेला तिच्याएवढी चांगली सावली नाही. फुले वाळली तरी वास टिकतो, म्हणून ती वहीत आणि कपड्यांच्या पेटीत ठेवतात. पारिजातक तीन वर्षांत फुलतो. त्याखालची जमीन सारवून स्वच्छ ठेवावी, कारण त्याची फुले झाडावर नसतात, पहाटे जमिनीवर असतात. सोनचाफा बियांचा लावला तर सात-आठ वर्षे वाट पाहावी लागते, कलमी लावला तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुले येतात. कोकणातून आलेला वेलणकर जातीचा कलमी चाफा आता नाशिकच्या नर्सऱ्यांत मिळतो. कलम घेताना जोडाची गाठ जमिनीच्या वर राहील असे लावा आणि जोडाखालचे फुटवे खुडत राहा. सोनचाफ्याच्या मुळाशी पाणी साचलेले चालत नाही, म्हणून हरसूलच्या पावसात तो उंचवट्यावर हवा.

मोगऱ्याविषयी थोडे जास्त लिहावे लागेल, कारण तो इथे अंगणाबाहेर पडून शेतात गेला आहे. शेजारच्या जव्हार आणि विक्रमगड भागात आदिवासी शेतकरी मोगरा लावतात आणि त्यांची फुले दादरच्या बाजारापर्यंत जातात. बाएफ या संस्थेने १९८२ मध्ये गुजरातच्या वांसदा भागात वाडीचा प्रयोग सुरू केला: एकरभर उताराच्या जमिनीवर आंबा-काजू आणि कुंपणाला जंगली झाडे. पुढे तो या पट्ट्यात आला, आणि जव्हारकडे त्याला मोगऱ्याची जोड मिळाली. फळझाडे हाताशी येईपर्यंत घरात पैसा कुठून येणार, या प्रश्नाला मोगऱ्याने उत्तर दिले. झुडूप लहान, जागा थोडी लागते आणि रोजची खुडणी घरची माणसे करू शकतात. खुडणी उजाडायच्या आत, कळी पांढरी आणि फुगलेली पण मिटलेली असताना. उघडलेले फूल बाजारात चालत नाही. अंगणात चार झुडपे लावायची तरी रीत हीच: पावसाळ्यात लावायचे, पाऊस संपल्यावर पाणी हळूहळू तोडायचे, डिसेंबरच्या सुमारास पाने झडली की छाटायचे, मग शेणखत घालून पाणी सुरू करायचे. फेब्रुवारी-मार्चपासून कळी लागते. छाटायला जीव होत नाही म्हणून बायका झुडूप तसेच वाढू देतात आणि मग मोगरा नुसती पाने देतो. त्याला नव्या फुटीवरच कळी येते, एवढे लक्षात ठेवले की कात्री चालवताना हात अडखळत नाही.

नाशिकला मोगल काळात गुलशनाबाद म्हणत, म्हणजे फुलांचे गाव. आज दिंडोरी तालुक्यात जानोरी-मोहाडीकडे पॉलिहाऊसमध्ये गुलाब होतो आणि तो लांबलांबच्या बाजारांत जातो. तो गुलाब छपराखाली, मोजलेल्या पाण्यावर, फवारणीच्या वेळापत्रकावर वाढतो. हरसूलच्या उघड्या पावसात तसा गुलाब येणार नाही, याचे मला आता वाईट वाटत नाही. गुलाब हवाच असेल तर देशी, गावठी, गुलाबी रंगाचा, उन्हातल्या उंच वाफ्यात लावावा आणि पावसाळ्यात त्याच्याकडून फुलांची अपेक्षा करू नये.

एवढे वाचून कुणाला वाटेल की परदेशी झाडांवर माझा राग आहे. तसे नाही. दिवाळीचे तोरण ज्या झेंडूचे करतो तो मेक्सिकोचा. मेक्सिकोतली माणसे ऑक्टोबर संपून नोव्हेंबर लागताना आपल्या पितरांच्या स्वागतासाठी याच फुलांच्या राशी मांडतात; त्याच दिवसांत इथे वाघबारशीला वाघदेवाच्या पूजेत झेंडू असतो. देवळापुढचा पांढरा देवचाफा मध्य अमेरिकेकडचा. गुलमोहर मादागास्करचा, १८४० मध्ये मुंबईत शिवडीला त्याची नोंद झाल्याचे सांगतात, आणि साताऱ्यात १ मे रोजी गुलमोहर दिन साजरा होतो. मुंबईच्या रस्त्यांवर फुलझाडे यावीत यासाठी वॉल्टर मिलार्ड यांनी खटपट केली. त्यांनी फादर ब्लॅटर यांच्यासोबत लिहिलेले भारतीय सुंदर वृक्षांवरचे पुस्तक १९३७ मध्ये आले, त्यात देशी आणि बाहेरची झाडे शेजारी शेजारी बसली आहेत. फुलांच्या बाबतीत आपले दार कधीच बंद नव्हते. गुलमोहर घराजवळ लावू नका असे मी म्हणतो ते त्याच्या उथळ मुळांमुळे आणि जूनच्या वाऱ्यात मोडणाऱ्या फांद्यांमुळे. मोकळ्या माळावर त्याला खुशाल लावा.

माझी खरी तक्रार वेगळ्या झाडांबद्दल आहे: जी अंगणात लावली की अंगणात राहत नाहीत. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झुडूप म्हणून आली. दोन रंगांची गोजिरवाणी फुले, कुंपणाला दाट. पाखरांनी तिची फळे खाल्ली आणि बी जंगलात नेले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातल्या वाघांच्या जंगलांपैकी सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र तिने व्यापल्याचा अंदाज आहे. घाट उतरताना रस्त्याकडेला पाहा. जिथे धायटी आणि करवंद असायला हवे तिथे घाणेरी आहे. तळी झाकणारी जलपर्णीही तिच्या निळ्या फुलांसाठीच आणली होती. आणि अगदी अलीकडचे उदाहरण कोनोकार्पस. झपाट्याने वाढतो, सदा हिरवा, गुरे खात नाहीत म्हणून शहरांत, रस्त्यांच्या दुभाजकांत तो रांगेने लागला. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. परागकणांचा माणसांना होणारा त्रास आणि पाण्याच्या-गटारांच्या नळांत शिरणारी मुळे ही कारणे दिली गेली. आपली हद्द त्या राज्याला लागून आहे. तिकडे नको झालेली रोपे इकडे स्वस्तात विकली जाऊ नयेत, म्हणून हे लिहून ठेवतो.

आता लावणीचे. खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. कडक मुरूम लागला तर तीन फूट. तो मेमध्ये घ्या आणि तापू द्या. भरताना वरची माती, चांगले कुजलेले शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. अर्धवट कुजलेले शेण घातले की हुमणी आणि वाळवी आलीच. तांबड्या मातीत रोपे पाण्यावाचून मरतात त्याहून कमी नाहीत ती वाळवीने मरणारी. पहिल्या पावसाच्या उत्साहात लावू नका, दोन चांगले पाऊस होऊन जमीन आतपर्यंत भिजू द्या. उतारावर रोपाच्या वरच्या अंगाला अर्धचंद्राचा बांध घाला, म्हणजे पावसाळ्यात लोंढा अडतो. ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबला की बुडाशी पालापाचोळ्याचा वीतभर थर, खोडाला न टेकवता. तो पाचोळा जाळू नये हे सांगावे लागते, कारण फेब्रुवारीत सगळीकडे जाळण्याची सवय आहे आणि तोच जाळ एका वाऱ्यात डोंगरावर जातो.

उन्हाळ्यासाठी बाजारातून साधी मातीची मडकी आणा. रोपापासून हातभर अंतरावर मडके गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा, तोंडावर कौलाचा तुकडा ठेवा म्हणजे डास होत नाहीत. मडक्याच्या अंगातून पाणी झिरपत राहते आणि मुळे त्याच्याकडे वळतात. वरून ओतलेल्या बादलीतले अर्धे पाणी ऊन पिते. मडके चार-पाच दिवसांतून एकदा भरले तरी पुरते. मी दुसऱ्या वर्षी नऊ रोपे लावली आणि नऊ मडकी पुरली. त्या उन्हाळ्यात आठ रोपे जगली. नववे शेळीने खाल्ले, तो दोष माझ्या कुंपणाचा.

कुंपणासाठी निरगुडी आणि धायटी लावा. निरगुडीला गुरे सहसा तोंड लावत नाहीत आणि तिची निळसर तुरे असलेली रांग सुंदर दिसते. कण्हेरही गुरे खात नाहीत, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. लहान मुले असलेल्या घरात आणि शाळेत ती नको. कळलावीचा कंदही विषारी. ती पावसाळ्यात डोंगरावरच्या कुंपणावर पाहावी, अंगणात आणू नये. तशीच रानातली आमरी. आपल्या आंब्यावर आपोआप आलेली असेल तर भाग्य समजा, जंगलातल्या फांदीवरून खरवडून आणू नका. ती बहुधा जगत नाही.

देशी रोपे मिळत नाहीत ही तक्रार मी पुष्कळ ऐकतो आणि ती निम्मी खरी आहे. नर्सरीवाला तेच ठेवतो जे मागितले जाते. पण वन विभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत पावसाच्या तोंडावर बहावा, तामण, करंज, कांचन थोड्या पैशांत मिळतात. आधी जाऊन नाव नोंदवावे लागते. कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० मध्ये वनमहोत्सव सुरू केला तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा त्यासाठी ठरलेला आहे. नाशिकमध्ये सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर २०१५ च्या पर्यावरण दिनी लोकांनी देशी झाडांची देवराई उभी करायला घेतली. ओसाड उतारावर देशी रोपे जगतात का, हे ज्याला डोळ्यांनी पाहायचे आहे त्याने एकदा तिथे जाऊन यावे. ओळख पटवायला श्री. द. महाजनांचे 'देशी वृक्ष' आणि शरदिनी डहाणूकरांचे 'फुलवा' घरात असू द्या. आणि पुस्तकात न सापडलेले नाव शेजारच्या आजींना विचारा. मला बोंडारा आणि नाणा यांतला फरक त्यांनी शिकवला, सालीवर हात फिरवून.

त्या आजी मधून मधून कुंपणापाशी येतात. गेल्या मे महिन्यात बहाव्याला पहिला घोस आला तेव्हा त्यांनी वाकून खाली पडलेली फुले पदरात वेचली. संध्याकाळी वाटीभर भाजी माझ्याकडे पाठवली.

बहाव्याच्या शेंगा आधी झाडावर हिरव्या असतात. जानेवारीपासून त्या काळ्या होतात आणि मार्चपर्यंत लोंबत राहतात. त्या दिवसांत घाटातून जाणे झाले तर गाडी थांबवा आणि झाडाखाली पडलेली एक शेंग उचलून घरी न्या. एका शेंगेत पन्नासएक बिया असतात. एक आपल्या अंगणाला ठेवा, बाकीच्या वाटून टाका.